नाहीचा तास

कुताइसीत थंडी उशिरा येते.
शाळेच्या अंगणात पानं गळालेल्या झाडावर
पर्सिमनची केशरी फळं तेवढी उरलीत,
आणि खिडकीशी त्सिरा
दोऱ्यात अक्रोड ओवत बसलीय.

मोजता येत नाही तिला. वीस म्हटलं की हसते.
शेवटी मोजणं सोडलं आम्ही :
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
दोरा भरला, की झालं.
मग द्राक्षाच्या दाट रसात बुडवायचा, काठीवर वाळत टाकायचा.
बाजारातली नाझिब्रोला डोळे बारीक करून तोलते एकेक चुर्चखेला,
अजून एकही परत आलेली नाही.

आठ वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकात
मी एकच शब्द लिहीत आले : आज्ञाधारक.
ऊठ म्हटलं, उठली.
खा म्हटलं, खाल्लं; गार झालेली लापशी,
कुणाचा उष्टा पाव.
मागच्या महिन्यात संध्याकाळी बूट काढला तिचा,
तर मोजा टाचेला चिकटलेला. रक्त वाळून.
नवा बूट, दिवसभर चावत होता.
दुखलं का गं?
हो.
मग सांगितलं का नाहीस?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू
असलं काही सांगता येतं
हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

नव्हतंच शिकवलं.

रात्री कपाटातून सगळी प्रगतिपुस्तकं काढली.
आज्ञाधारक. आज्ञाधारक.
अक्षर काय सुंदर माझं.

दुसऱ्या दिवसापासून नाहीचा तास.
आमच्या भाषेत दोनच अक्षरं : अरा.
मी तिला मीठ घातलेला चहा दिला. प्यायली.
माझे मोठे बूट तिच्या पायांत चढवले. फरफटत चालली.
वेणी सोडून टाकू तुझी? हो.
तुझे अक्रोड बादरीला देऊन टाकू?
डोळे भरून आले, पण
हो.
तीन आठवडे हेच.
बादरी मात्र पहिल्याच दिवशी शिकला,
आता तो दाराला, मांजराला, भिंतीवरच्या संतालासुद्धा
अरा म्हणतो.

आणि काल नानुली आली, तिची आई,
कोट न काढता उभी राहिली.
घरभर पाहुणे, म्हणाली, टेबलावर जागा नाही अशी ताटं,
तमादा शिंग हातात घेऊन नात्यागोत्यांवर बोलतोय,
बातुमीहून माझा ओतारमामा आलेला, ऐंशीचा माणूस,
प्रेमानं म्हणाला, ये पोरी, मांडीवर बस.
आणि ही!
काय म्हणाली?
अरा. दोनदा. दुसऱ्यांदा तर ओरडून.
सगळं टेबल गप्प. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.
हेच शिकवता तुम्ही इथे?
हो, म्हटलं मी, हेच.
(आवाज कापला माझा. लपवून काय करू?)

ती खुर्चीत बसली.
पर्सचा चाप उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
मी चौदाची होते तेव्हाही तो असाच बोलवायचा,
असं काहीतरी पुटपुटली,
किंवा मी तसं ऐकलं;
गॅसची शेगडी फुरफुरत होती.
मग उठली, कोटाची बटणं नीट होती तरी पुन्हा लावली,
आणि जाताना म्हणाली,
तिला सांगा, घरी येताना पाव आणायचाय.

आज चार वाजता मी टाळी वाजवली.
चला, आवरा, गाडी आली.
सगळे उठले.
त्सिरा, दोरा ठेव.
अरा.
मान वर न करता.

कोपरापर्यंत यायला अजून चार-पाच अक्रोड कमी होते.
बाहेर मार्श्रुत्कावाल्यानं हॉर्न दाबून धरला,
मी त्याला खिडकीतून हात केला : थांब.
तिनं पुढचा अक्रोड उचलला,
उजेडाकडे धरून पाहिला,
किडका निघाला,
बाजूला ठेवला.